मी आंबा आवडते

प्रिय मावशी,

मी नववीत आहे, भांडुपला राहते. आठवीपर्यंत मराठी शाळेत होते. यंदा शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आईबाबांनी मला मोठ्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे फ्रेंच किंवा स्पॅनिश घ्यावंच लागतं. फ्रेंचची मुलं सहावीपासून शिकतायत, स्पॅनिशचा वर्ग यंदा पहिल्यापासून सुरू होणार होता, म्हणून मी स्पॅनिश घेतलं. मिस चांगल्या आहेत, पण सगळं इंग्रजीतून समजावतात. मी आधी ते इंग्रजी समजून घेते, मग मनात मराठी करते, मग स्पॅनिशकडे वळते. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. पहिल्या चाचणीत मला 40 पैकी 13 मिळाले. ‘मला आंबा आवडतो’ हे मी ‘यो गुस्तो मांगो’ असं लिहिलं, त्यावर लाल रेघ आली. तोंडी परीक्षेत वय विचारलं तेव्हा मी ‘सोय कातोर्से’ म्हटलं आणि मागच्या बाकावरची दोन मुलं हसली. तेव्हापासून मी त्या तासाला तोंड उघडत नाही. आजी म्हणते, आपला काय संबंध त्या भाषेशी? विषय बदलायचा असेल तर महिनाअखेर फॉर्म द्यायचा आहे. मला ही भाषा ऐकायला खूप आवडते. पण मराठी शाळेतून आल्यामुळे ती मला जमणार नाही असं वाटतं. काय करू?

– नववीतली एक, भांडुप

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मी त्या लाल रेघेपाशी थांबले. ‘यो गुस्तो मांगो.’ अठरा वर्षं स्पॅनिश शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी, दर वर्गात, कुणा ना कुणाच्या वहीत वाचलं आहे. शब्दाला शब्द लावून त्याचं मराठी केलं तर होतं, ‘मी आंबा आवडते’. आता सांग, असं वाक्य तू जन्मात कधी बोलली आहेस? नुकतं बोलायला लागलेलं पोरसुद्धा ‘मला आंबा आवलतो’ म्हणतं. ‘मला’ ते चुकत नाही.

मग ही चूक तुझ्याकडे आली कुठून? इंग्रजीतून. इंग्रजीत वाक्य ‘आय’ने सुरू होतं, ‘आय लाइक’. तू ‘आय’च्या जागी ‘यो’ ठेवलास, ‘लाइक’च्या जागी ‘गुस्तो’ ठेवलास आणि फसलीस. हेच वाक्य तू थेट मराठीतून केलं असतंस तर काय झालं असतं बघ.

मला आंबा आवडतो. मे गुस्ता एल मांगो.
मला आंबे आवडतात. मे गुस्तान लोस मांगोस.

‘मला’ म्हणजे ‘मे’. आंबा एक असला की ‘आवडतो’, म्हणजे ‘गुस्ता’. आंबे अनेक झाले की ‘आवडतात’, म्हणजे ‘गुस्तान’. दोन्ही भाषांत क्रियापद आंब्याच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या मागे जात नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना ही एक गोष्ट पटवायला शिक्षकाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि पटल्यावरही ती परीक्षेत चुकतात. तुला ती जन्मापासून येते. ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला किंवा तिला, ‘नोस’ म्हणजे आम्हाला. मिस त्याला इंग्रजीत ‘इनडायरेक्ट ऑब्जेक्ट प्रोनाउन’ म्हणत असतील आणि तू त्या नावापाशीच अडत असशील. तुझ्या मराठी शाळेच्या भाषेत ती चतुर्थी आहे. स, ला, ते, स, ला, ना, ते. पाठ होतं ना?

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. फॉर्म भरू नकोस. भाषा आवडत नाही असं तू लिहिलं असतंस तर मी खुशाल बदल म्हटलं असतं, दोन वर्षं नावडत्या विषयाशी झुंजण्यात काही शहाणपण नाही. पण तू लिहितेस, ऐकायला खूप आवडते. तुझी अडचण स्पॅनिशची नाहीच. तुझी अडचण आहे तू घेतलेल्या वळणाची. भांडुपहून मुलुंडला जायला तू घाटकोपरला जाऊन गाडी बदलतेस. मराठीतून स्पॅनिशला थेट गाडी आहे.

हे मी कुठे शिकले ते सांगते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात एकदा लालबागचे एक गृहस्थ आले होते. चाळिशी उलटलेली, जहाजावर स्वयंपाकी. जहाज दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना लागायचं, तिथे बाजारात भाजी-मासे घेताना भाषा हवी म्हणून आले. बाकीचा वर्ग कॉलेजच्या मुलांचा, फाडफाड इंग्रजी बोलणारा. यांचं इंग्रजी कामापुरतं. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, ‘बाई, मला पुस्तकातलं इंग्रजी झेपणार नाही, मी माझ्या पद्धतीने लिहून घेतलं तर चालेल का?’ त्यांच्याकडे किराणा दुकानात असते तसली लाल कापडी पुठ्ठ्याची लांब चोपडी होती. पहिल्या पानावर त्यांनी देवनागरीत लिहिलं होतं, ‘मे – मला, ते – तुला, ले – त्याला/तिला’. त्याखाली ‘तेंगो आम्ब्रे – मला भूक लागलीय’. प्रत्येक शब्दात ज्या अक्षरावर जोर येतो त्याच्याखाली रेघ. चार महिन्यांनी त्या वर्गात न अडखळता बोलणारा माणूस तो होता. हुशार ते होतेच, पण बाकीच्यांना जे इंग्रजीचं गाठोडं पाठीवर घेऊन चालावं लागत होतं ते त्यांच्या पाठीवर नव्हतं. तोवर मीसुद्धा इंग्रजीतूनच शिकवत होते. मी ज्या वर्गात शिकले तिथे आम्हाला मातृभाषा दाराबाहेर ठेवून या असं सांगितलं होतं आणि मी ते निमूट ऐकलं होतं. त्या चोपडीनंतर मी फळ्यावर मराठी लिहायला लागले.

आता तुझं ते ‘सोय कातोर्से’. इंग्रजीत वयाला ‘आय अ‍ॅम फोर्टीन’ म्हणतात, म्हणून तू ‘सोय’ घातलंस. ‘सोय कातोर्से’ म्हणजे ‘मी चौदा आहे’, जणू तूच तो आकडा. मराठीत आपण म्हणतो, मला चौदा वर्षं झाली. स्पॅनिशमध्ये म्हणतात, ‘तेंगो कातोर्से आन्योस’, माझ्याकडे चौदा वर्षं आहेत. इथे मराठी तंतोतंत जुळत नाही, पण वर्षं ही आपल्यापाशी जमा होणारी गोष्ट आहे ही कल्पना तुला परकी वाटणार नाही. भूक, तहान, थंडी, भीती, झोप, सगळी या ‘तेंगो’च्या घरातली. मराठीत ती ‘मला’च्या घरात राहतात: मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला भीती वाटते. तेव्हा एक खूणगाठ बांध. शरीराला किंवा मनाला काही होतंय आणि मराठीत ‘मला’ येतंय, तर स्पॅनिशमध्ये ‘सोय’ बहुधा येणार नाही. डोकं दुखतं तेव्हा ‘मे दुएले ला काबेसा’. इथेही दुखणारं डोकंच, आपल्यासारखं.

उच्चारांचं तर मी तुला ठासून सांगते. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ हे आपले दंत्य ‘त’ आणि ‘द’ आहेत, जीभ दाताला लावून. रोमन अक्षर दिसलं की इंग्रजी शाळेतली जीभ ‘टू टिएनेस’ म्हणायला धावते. तू ‘तू तिएनेस’ म्हण. ‘तू’ म्हणजे तूच, अर्थानेही आणि आवाजानेही. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना इंग्रज माणसाच्या तोंडून हवेचा फुत्कार येतो, स्पॅनिश माणसाच्या येत नाही आणि आपल्याही येत नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. जिथे लिहिले तिथे तसेच म्हणायचे, इंग्रजीसारखे एका अक्षराचे चार आवाज नाहीत. ‘न’वर लाटेसारखी खूण असलेलं जे अक्षर आहे ते म्हणजे बाराखडी शिकताना आपण घोकतो आणि पुढे कधी वापरत नाही तो ‘ञ’. ‘मान्याना’, म्हणजे सकाळ आणि उद्यासुद्धा.

आणि तो लांब ‘र’. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. इंग्रजी वळणाच्या जिभेला हा ‘र्र’ महिनोन्‌महिने येत नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाला चिमणी दाखवून आपण काय म्हणतो? भुर्र. कापड फाटतं टर्रकन, भोवरा फिरतो गर्रकन, साप जातो सर्रकन. आज रात्री आरशासमोर उभी राहा आणि दहा वेळा भुर्र म्हण, मग त्याच झोकात पेर्रो म्हण. तुझ्या वर्गात हा आवाज सगळ्यांत आधी तुला येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जोर कुठे द्यायचा हे मात्र नव्याने शिकावं लागेल, मराठीत त्याने अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘आब्लो’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर दिलास तर ‘मी बोलते’, शेवटच्यावर दिलास तर ‘तो बोलला’ किंवा ‘ती बोलली’. नियम सोपा आहे. शब्द स्वराने किंवा ‘न’, ‘स’ने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या भागावर जोर, नाहीतर शेवटच्या भागावर. हा नियम मोडायचा असेल तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात. ती रेघ शोभेची नाही. तुझ्या चाचणीत अशा रेघा न दिल्यामुळे किती गुण गेले ते एकदा मोजून बघ.

पहिला महिनाभर तूही त्या स्वयंपाकी गृहस्थांसारखी देवनागरीत उच्चार लिही, जोराच्या अक्षराखाली रेघ मार. महिन्यानंतर ते बंद कर. कारण देवनागरी तुला आवाज देते, स्पेलिंग देत नाही. ‘ब’ आणि ‘व्ह’ या दोन रोमन अक्षरांचा स्पॅनिशमध्ये एकच आवाज आहे, ‘एच’ला तर आवाजच नाही. ‘ओला’ (म्हणजे नमस्कार) कानाने बरोबर लिहिलंस तरी पेपरात पुढचा तो मुका ‘एच’ लागतोच. देवनागरीवर फार काळ विसंबलीस तर लेखनात मार खाशील. तुमचं केंब्रिजचं बोर्ड असेल तर ऐकणं, वाचणं, बोलणं आणि लिहिणं या चारही गोष्टींना सारखेच, प्रत्येकी 25 टक्के गुण असतात. त्यामुळे गप्प बसणं परवडणारं नाही आणि स्पेलिंगकडे काणाडोळाही परवडणारा नाही.

क्रियापदं पाठ करायला आठवीत संस्कृत घेतलं होतंस का? घेतलं असशील तर ‘रामः रामौ रामाः’ जसं चालीत म्हटलंस तसं ‘आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान’ म्हण. नसेल घेतलं तर पाढ्यांची चाल आहेच. बोलते, बोलतेस, बोलते, बोलतो, बोलता, बोलतात. कर्ता बदलला की क्रियापदाचं शेपूट बदलतं हे तुला समजावून सांगायला नको. आणि शेपटावरून माणूस कळतो म्हणून आपण जसं नुसतं ‘येते हं’ म्हणतो, ‘मी’ म्हणत नाही, तसंच स्पॅनिश माणूस ‘यो’ सहसा गाळतो. दर वाक्याला ‘यो’ लावणारा ओळखू येतो, हा इंग्रजीतून आलाय. तुला एक सूटही आहे. मराठीत मुलगा ‘बोलतो’ आणि मुलगी ‘बोलते’, स्पॅनिशमध्ये दोघांना ‘आब्लो’च.

मराठी सगळीकडे पुरी पडेल असं मी म्हणत नाही. तीन ठिकाणी ती तुला दगा देईल, ती आधीच माहीत असू देत.

पहिलं लिंग. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन. शब्दाला लिंग असतं ही गोष्ट तुला नवी नाही, ‘पांढरा सदरा, पांढरी साडी’ हे तू न शिकता म्हणतेस, म्हणून ‘ब्लांको, ब्लांका’ तुला चटकन जमेल. विशेषण नामाच्या मागून येतं एवढं लक्षात ठेव, ‘कासा ब्लांका’, घर पांढरं. पण आपलं लिंग त्यांच्यावर लादू नकोस. आपला चंद्र ‘तो’, त्यांची ‘लूना’ ती. आपली नदी ‘ती’, त्यांचा ‘रीओ’ तो. आपला हात ‘तो’, त्यांची ‘मानो’ ती, शेवटी ‘ओ’ असूनही. आपल्या नपुंसकलिंगाची तर वाटणीच झाली आहे, झाड आणि पुस्तक ‘तो’कडे गेले, घर आणि फूल ‘ती’कडे. यावर उपाय एकच, नाम कधीही एकटं लिहू नकोस. ‘लूना’ लिहू नकोस, ‘ला लूना’ लिही. ‘रीओ’ नको, ‘एल रीओ’. प्राथमिक शाळेत तो-ती-ते लावून लिंग ओळखायला शिकवलं होतं ना, इथे तो-ती आधीच चिकटवून पाठ करायचं.

दुसरं ‘आहे’. आपलं एक ‘आहे’ सगळीकडे चालतं, त्यांची दोन आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. तुला वर्गात सांगितलं असेल की कायमचं ते ‘सेर’ आणि तात्पुरतं ते ‘एस्तार’. हा नियम मला कधीच आवडला नाही, तो दुसऱ्या धड्यातच मोडतो. मेलेला माणूस कायमचा मेलेला असतो आणि तरी तिथे ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात. मी असं सांगते: वस्तू कोण आहे, कसली आहे, हे ‘सेर’. ती कुठे आहे, कुठल्या अवस्थेत आहे, हे ‘एस्तार’. आणि आपण आंब्यावर आलोच आहोत तर आंब्यावरच समजून घे. ‘एल मांगो एस वेर्दे’ म्हणजे आंबा हिरव्या रंगाचा आहे. ‘एल मांगो एस्ता वेर्दे’ म्हणजे आंबा अजून कच्चा आहे, पिकायचाय. एका क्रियापदात रंग, दुसऱ्यात कैरी. हा फरक जिभेवर आला की पुढची उदाहरणं आपोआप लागतात.

तिसरं वाक्याचा क्रम. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मध्ये, आणि नकार क्रियापदाच्या आधी. याचा फार विचार करू नकोस, ऐकून ऐकून बसतो.

मान देण्याची पद्धत मात्र घरचीच. ‘तू’ला ‘तू’, आणि ‘तुम्ही-आपण’साठी ‘उस्तेद’. हा ‘उस्तेद’ जुन्या ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या शब्दांचं झिजलेलं रूप आहे, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद ‘तो-ती’चं येतं. स्पेनमध्ये विद्यार्थी शिक्षकांना पुष्कळदा ‘तू’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘उस्तेद’ म्हणतात. तू मिसना ‘उस्तेद’ म्हण, त्या नको म्हणाल्या तर ‘तू’वर ये.

रोज वीस मिनिटं पुरे. दहा मिनिटं नामं आणि क्रियापदं मोठ्याने, दहा मिनिटं ऐकणं. तुला ऐकायला आवडतं, मग त्याचा उपयोग कर. स्पेनचा सरकारी रेडिओ इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. सुरुवातीला शंभरातले चार शब्द कळतील, ते चार पकड आणि बाकीचे सोडून दे. मोबाइलवरची भाषेची अ‍ॅप्स बसमध्ये वेळ घालवायला ठीक आहेत, पण त्यातली बहुतेक इंग्रजीतूनच शिकवतात, म्हणजे तुला पुन्हा घाटकोपरला नेऊन सोडतात. कुठल्या शब्दाबद्दल शंका आली तर स्पेनच्या राजेशाही अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर खुला आहे. ती अकादमी 1713 सालापासून हेच काम करते आहे. सध्या तो जड जाईल, दहावीत लागेल.

मागच्या बाकावर हसलेल्या त्या दोघांबद्दल. मला राग आला, खोटं कशाला सांगू. नव्याने भाषा शिकणाऱ्या माणसाला हसणं ही वाईट गोष्ट आहे आणि वर्गात ती थांबवणं शिक्षकाचं काम आहे. तू मिसना एकटं गाठून सांग. तक्रार म्हणून सांगायचं नसेल तर एवढंच सांग की त्या दिवसापासून मी बोलत नाही. चांगल्या शिक्षिकेला पुढचं समजतं. त्याच वेळी हेही सांग की मला इंग्रजीतली व्याकरणाची नावं कळत नाहीत, उदाहरणं कळतात, तर मला नियमाआधी दोन उदाहरणं द्याल का? यात कमीपणा काही नाही. आणि उद्यापासून पुढच्या दोन बाकांपैकी एकावर बस. घरून रोज एक वाक्य पक्कं करून ने, एकच, आणि तास सुरू झाल्या झाल्या हात वर करून ते म्हण. एकदा तोंड उघडलं की त्या तासाची भीती संपते, हे मी बघितलं आहे.

राहिली आजी. आपला काय संबंध, असं विचारतात ना त्या? त्यांना सांग, संबंध त्यांच्या स्वयंपाकघरातच आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो ही सगळी अमेरिका खंडातून आलेली, स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी जगभर नेलेली. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिचे शब्द आपण रोज बोलतो. आपला पाव, स्पॅनिशमध्ये ‘पान’. आपला साबण, त्यांचं ‘हाबोन’. आपली चावी, त्यांची ‘यावे’. पगार तर पोर्तुगीज ‘पागार’ आहे आणि स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. बटाट्याची मात्र गंमत आहे. स्पेनच्या बाजारात ‘पातातास’ मागितलेस तर बटाटे मिळतील, ‘बातातास’ मागितलेस तर रताळी.

आणखी एक. 1580 ते 1640 अशी साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. म्हणजे चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये ज्या पोर्तुगीजांकडून वसई घेतली, ती वसई आणि 1661 च्या लग्नाच्या तहात इंग्रजांना मिळालेली ही मुंबईसुद्धा, काही काळ स्पेनच्या राजाच्या नावाखाली होती. आणि धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात हेन्री हेरास नावाचे स्पॅनिश पाद्री 1922 मध्ये इतिहास शिकवायला आले, त्यांनी 1926 मध्ये तिथे भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली आणि 1955 मध्ये जाईपर्यंत ते इथेच राहिले. तिकडचा माणूस इथे येऊन आपला इतिहास आयुष्यभर शिकला. भांडुपची मुलगी त्याची भाषा शिकते आहे यात काय नवल?

त्याहून जुना संबंधही आहे, तो आजींना नक्की आवडेल. दोन-‘दोस’, सात-‘सिएते’, नऊ-‘नुएवे’, दंत-‘दिएन्ते’, देव-‘दिओस’, नवा-‘नुएवो’. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या, हे त्या कुळाचे राहिलेले अवशेष. शब्दांची वही करशील तेव्हा मागचं एक पान या जोड्यांसाठी ठेव, सापडतील तशा लिहीत जा. मी माझ्या वहीत अजून लिहिते.

विषय बदलायचा नाही हे आईबाबांना आजच सांगून टाक, म्हणजे महिनाअखेरपर्यंत ते डोक्यात घोळत राहणार नाही. आणि उद्याच्या तासाला न्यायचं पहिलं वाक्य मी देते. ते आज संध्याकाळी घरी चहाच्या वेळी आजींसमोर दहा वेळा म्हण. माझ्या आजीला चहा आवडतो: ‘आ मी आबुएला ले गुस्ता एल ते’. सुरुवातीचा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’, फक्त तो शब्दाच्या आधी बसलाय. ‘ले’ म्हणजे तिला. आणि इथला ‘ते’ म्हणजे चहा, मघाचा ‘तुला’ नव्हे. आजींना दोन कप लागत असले तरी ‘गुस्ता’च ठेव, ‘गुस्तान’ करू नकोस, चहा एकच आहे.

तुझी,
मावशी